पाण्यातले चमचे

कितीतरी महिन्यांनी माझ्या तोंडून एक शब्द न शोधता बरोबर निघाला आणि त्याचं बक्षीस म्हणून मला चमचा मिळाला. सकाळची वेळ होती. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो होतो, मांडीवर शाल, बाजूच्या स्टुलावर निवलेला चहा. आमची खिडकी बऱ्यापैकी उंचावर आहे. तिच्यातून बस आगाराचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि त्याच्यामागे शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राची उथळ तळी. घर बघायला आलेल्या माणसाला ही खिडकी कुणी मुद्दाम दाखवणार नाही. पण आजारपणापासून या पाण्याकडे बघत बसणं हीच माझी नोकरी आहे आणि ती मी इमानेइतबारे करतो. त्या दिवशी शेवटच्या तळ्यात, जिथे गाळ वर आलाय तिथे, काहीतरी गुलाबी हललं. मग त्याच्या शेजारी आणखी काही. उंच पाय, मान खाली, चोच पाण्यात, आणि ती चोच सारखी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पेल्यात साखर ढवळावी तशी. मला आधी वाटलं, संपलं, आता डोळे गेले. मेंदूत गुठळी झाली तेव्हा उजवा हात आणि बोलणं गेलं होतं, आता यांची पाळी. पण माझी सगळी हयात चष्म्याच्या दुकानात गेली, लोकांचे डोळे तपासण्यात आणि भिंगं घासण्यात, त्यामुळे आपले डोळे आपल्याशी बेइमानी करणार नाहीत असा मला एक वेडा विश्वास आहे. मी पुन्हा बघितलं. होते. आणि मी काही ठरवायच्या आत जीभ हलली, ओठ मिटून उघडले आणि शब्द अख्खा, साफ बाहेर पडला. "चमचे."

मुलगी स्वयंपाकघरातून आली. तिनं चहाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ओट्यावरून चमचा आणून माझ्या डाव्या हातात दिला. "साखर घातलेली आहे बाबा. ढवळा हवं तर." मी मान हलवली. चमचा खिडकीच्या दिशेनं रोखला. "चमचे. पाणी. चमचे." ती खिडकीशी गेली, कपाळाला आठ्या घालून, चष्म्याआडून डोळे बारीक करून तिनं बाहेर बघितलं. "पिशव्या आहेत हो त्या. प्लास्टिकच्या. वाऱ्यानं उडून आल्यात." मग ती आत गेली आणि जरा मोठा चमचा घेऊन आली. हा हवाय का तुम्हाला, असा तिचा चेहरा होता. मी तो फेकला. आमच्या घरात कुणी वस्तू फेकत नाही. चमचा कपाटाखाली गेला आणि ती गुडघ्यांवर बसून तो काढायला लागली.

तिची चूक नव्हती. लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणाऱ्या माणसाच्या घरी खरा लांडगा आला तर शेजाऱ्यांनी काय करावं. आजारपणानंतर माझ्या डोक्यातलं काही हललं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दुकानातल्या खणांत माल सगळा जागच्या जागी आहे, फक्त कुणीतरी एका रात्रीत खणांवरच्या चिठ्ठ्या बदलून ठेवल्यात. मी 'पाणी' म्हणून खण उघडतो आणि हातात येतं 'मंगळवार'. मुलीचं लाडाचं नाव ढब्बू. तिला पहिल्यांदा हाक मारायला गेलो आणि तोंडून आलं 'कात्री'. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कात्री. पहिल्या दिवशी ती रडली. मग ओ द्यायला लागली. आता फोनवर मैत्रिणींना सांगते, आमच्या घरी मला कात्री म्हणतात. जीभ घसरण्याची गंमत अशी की ती घसरल्यावर मला लगेच ऐकू येतं. चुकलेला शब्द हवेत गेलेला मी बघतो आणि परत बोलावू शकत नाही. लोकांना वाटतं, याला कळत नाही. कळतं म्हणून तर घाम फुटतो. गेल्या महिन्यात मी एक वाक्य बऱ्याच दिवसांच्या मेहनतीनं जुळवलं होतं, मला तिथे जायचं नाही. मुलगी कपडे घडी करत होती, तिच्यासमोर उभा राहून मी ते म्हटलं, आणि बाहेर पडलं, "मला तिथे धुवायचं नाही." ती म्हणाली, "बरं बाबा, उद्या धुऊ." आता यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं.

'तिथे' म्हणजे वृद्धांच्या निवासात. ते आम्ही एकदा बघून आलोय. शहराच्या टोकाला, स्वच्छ, भिंतींना धरायला लाकडी कठडे, प्रत्येक खोलीच्या दारावर राहणाऱ्याचा फोटो, म्हणजे माणूस आपली खोली विसरला तरी आपलं तोंड ओळखेल अशी सोय. तिथली माणसं चांगली होती. माझ्याशी मोठ्यानं आणि हळूहळू बोलत होती. त्यांच्या चांगुलपणाचीच मला जास्त भीती वाटली, कारण भांडायला काही जागा नव्हती. जी खोली मला मिळणार होती तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. मुलीची रजा संपत आली आहे. ती काचेच्या कारखान्यात भट्टीच्या देखरेखीवर असते, ते काम घरी बसून होत नाही. डॉक्टर म्हणाले होते, शब्द चुकले तरी हरकत नाही, समज शाबूत असेल तर दिवसभर एकटे राहू शकतील, शेजारी चक्कर मारतील, तुम्ही दुपारी फोन करा. समज शाबूत आहे का ते आपण बघू. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते माझ्या समजेवर, आणि समज दाखवायची तर ती शब्दांतूनच. आमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

संध्याकाळी जावई आला. तो समोरच्या आगारातच बसगाड्यांची वेळापत्रकं बनवतो, आणि सगळ्या गाड्या उशिरा सुटत असल्या तरी स्वतः वेळेवर घरी येतो. मुलीनं त्याला सकाळची हकिगत सांगितली. "चमचे?" तो बूट काढताना म्हणाला. "बाबा, चमचे बघायला खिडकी कशाला हवी. आमच्या ऑफिसात या. साहेबांच्या केबिनबाहेर रांग असते." मला हसू आलं. मनापासून आलं, कारण विनोद मला अजून पहिल्यासारखे कळतात. पण माझं हसणं मुलीला भलत्याच ठिकाणी लागलं असावं. ती त्याला आत घेऊन गेली. स्वयंपाकघराला दार नाही, हे ती विसरते. "गंमत नाहीये ही. इतके दिवस शब्द चुकत होते. आता त्यांना पाण्यात चमचे दिसतायत. मला बोट करून दाखवत होते." जावई म्हणाला, "अगं, पण काहीतरी असेल तिथे." "मी बघितलं ना. काही नाहीये. पिशव्या आहेत." तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "उद्या वाचा-उपचाराच्या बाई येणार आहेत. त्यांना सांगायलाच हवं. लपवून कसं चालेल." तिचा आवाज जड झाला होता. मला तिचा राग आला नाही, मला त्या पक्ष्यांचा राग आला. जन्मात एकदा खरं बोललो आणि त्या खऱ्यानंच मला भिंतीकडच्या खोलीत नेऊन बसवायचं ठरवलं होतं.

खरं म्हणजे जन्मात दुसऱ्यांदा. याच शब्दानं माझं हसं पूर्वीही झालेलं आहे. मी इथला नव्हे. मी खालचा, पार दक्षिणेकडचा, जिथे जमीन संपत संपत पाणी होते. वडील मिठागरात होते. ओहोटीला चिखल उघडा पडायचा आणि त्याच्यावर हे उतरायचे, गुलाबी, लांब चोचीचे, चोचीचं टोक चपटं आणि गोल. पुस्तकात त्यांना काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आमच्याकडे त्यांना चमचेच म्हणत. आई दारातून म्हणायची, "चमचे आले गं बाई," आणि त्या आवाजावरून कळायचं की आज तिचं बरं चाललंय. मी खाणं अर्धवट टाकून पळायचो. चमचे माणसाला घाबरत, पण मिठाच्या ढिगाआड निजून राहिलं तर जवळ येत, इतके की चोच पाण्यात हलतानाचा बारीक आवाज ऐकू यायचा. पुढे मी भिंगं घासायला शिकायला या शहरात आलो. पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, तुमच्या गावाकडे असतं तरी काय?" मी म्हटलं, "मीठ आणि चमचे." "चमचे?" "हो. गुलाबी. थव्यानं येतात." त्यानंतर ते दुकान जे हसलं ते बरेच दिवस हसत होतं. त्यात माझं टेबल उस्तादांच्या टेबलाला लागून, त्यामुळे 'चमचा' हे नाव मला दोन्ही अर्थांनी चिकटलं. मी माझी बोली आवरती घेतली, इथल्यासारखं बोलायला शिकलो, दुकान काढलं, आणि तो शब्द जेवणाच्या टेबलापुरता ठेवला. बायकोला मात्र एकदा सांगितलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, दाखवा कधीतरी. दाखवायचं राहिलं. ती गेली तेव्हा रडताना मला हेच आठवत होतं, बाकी इतकं काही आठवण्यासारखं असताना.

ते इतक्या वर, उत्तरेला, कसे आले असतील, याचा मी अंधार पडेपर्यंत विचार करत बसलो. तिकडचं पाणी आटलं असेल. किंवा इकडची थंडी पूर्वीसारखी राहिली नसेल, मलाही हल्ली शाल दुपारी नको होते. किंवा काहीच कारण नसेल, पोरं आहेत, निघाली आणि वाट फुटेल तिकडे आली. पिसांचा गुलाबी रंग फिका होता, म्हणजे वय कोवळंच. एकाला तरी वाटलं असेल का, की आपण चुकलो? पण ते तर खात होते. चुकून आलेल्या पाण्यात, जे नाक धरून लोक ओलांडतात त्या पाण्यात, मान हलवत चवीनं खात होते. मला ते फार आवडलं. मी स्वतःला बजावलं की उगाच आपली त्यांच्याशी तुलना करू नये, त्यांना पंख आहेत आणि आपल्याला डाव्या हातानं शर्टाची बटणं लागत नाहीत. तरी आवडलंच.

दुसऱ्या दिवशी चित्रवाल्या बाई आल्या. त्या वाचा-उपचार करतात, पण बॅगेत चित्रांचे पत्ते असतात म्हणून मी मनातल्या मनात त्यांना हे नाव ठेवलंय. तरुण आहेत, मला काका म्हणतात, आणि मी चुकलो की 'छान' म्हणत नाहीत, म्हणून मला त्या पटतात. त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या. त्यांच्या खांद्यावरून मला तळी दिसत होती आणि शेवटच्या तळ्यात ते होते, अजून होते, आणखी जवळच्या काठाला आलेले. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं बाईंना कालचं सांगून टाकलं होतं, हे दोघींच्या शांतपणावरून कळत होतं. बाईंनी पहिला पत्ता धरला. घर. मी म्हटलं, "घर." दुसरा, छत्री. मी म्हटलं, "पाऊ, पावसाची... टोपी." बाई म्हणाल्या, "चालेल." कुत्रा जमला. किल्ली अजिबात जमली नाही. मग त्यांनी मुद्दाम, मी पैज लावून सांगतो की मुद्दाम, बॅगेतून चमच्याचं चित्र बाहेर काढलं. चकचकीत स्टीलचा चमचा, निळ्या पार्श्वभूमीवर. मला कळलं की सगळं आता या एका पत्त्यावर आहे. चमचा म्हण, गाढवा. काल म्हणालास ना. मी त्या चमच्याकडे बघितलं, त्याच्यामागे खिडकीत त्या चोची हलत होत्या, घशात शब्द तयार होता, मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पक्षी."

बाईंनी पत्ता खाली ठेवला. "हा चमचा आहे, काका," त्या सौम्यपणे म्हणाल्या. मुलीनं तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, आता शाल गुंडाळा. आणि मग ती दारातूनच म्हणाली, "थांबा." ती एकेक शब्द चाचपत बोलत होती, जसा मी बोलतो. "काल पाण्याकडे बघून चमचे म्हणाले. आज चमच्याकडे बघून पक्षी म्हणतायत." बाई मागे वळल्या. खिडकीतून बघितलं. त्यांचे डोळे तरुण, नंबर नसलेले. "अहो, पण तिथे पक्षीच आहेत," त्या म्हणाल्या. "गुलाबी. मोठे आहेत बरेच. तुम्हाला दिसत नाहीत?"

मी स्टुलावरचा चमचा उचलला. दांडा ओठांत धरला, पोकळ भाग पुढे, मान खाली घातली आणि चोच हलवली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्या क्षणी कुणी नवीन माणूस घरात आला असता तर त्यानं मला सरळ त्या निवासात पोचवलं असतं. बाई जरा सरकल्या. मुलगी बघत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उघडलं. "चोच," ती म्हणाली. "चमच्यासारखी चोच. बाबा, त्यांना चमचे म्हणतात?" मी चमचा तोंडात ठेवूनच मान हलवली. ती धावत खिडकीशी गेली, काचेला नाक लावलं, डोळे बारीक केले, आणि पुन्हा बारीक केले. "मला नुसता गुलाबी रंग दिसतोय," ती रडवेली होऊन म्हणाली. "चोच नाही दिसत."

तेव्हा मला कळलं, आणि स्वतःवर हसू आलं. चष्मेवाल्याची पोर, आणि दिव्याखाली अंधार. दरवर्षी मीच तिचे डोळे तपासायचो. मी आजारी पडलो, तिला वेळ झाला नाही, आणि नंबर वाढत गेला. मी उठलो. भिंतीला धरत कपाटापाशी गेलो. खालच्या खणात दुकानातली एकच वस्तू मी ठेवली होती, तपासणीच्या भिंगांची पेटी. लाकडी खाचांत ओळीनं उभी भिंगं, आणि ती अडकवायची गोल चौकट. मुलीनं पेटी टेबलावर ठेवली. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, खिडकीकडे तोंड करून, तिचा जुना चष्मा काढला आणि डाव्या हातानं चौकट तिच्या नाकावर चढवली. तिरकी बसली, तिनं सरळ केली. मी एक डोळा झाकला. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. आणि मी म्हणालो, "हे बरं, का हे?"

मी ते वाक्य शोधलं नव्हतं, कुठलाही खण उघडला नव्हता. ते हातातून आलं, भिंगाबरोबर. "दुसरं," मुलगी हळूच म्हणाली. मी भिंग बदललं. "आता? आधीचं का हे?" "हे." "डोळे बारीक करायचे नाहीत," मी म्हणालो, "नुसतं बघायचं." हे मी हजारो माणसांना सांगितलं असेल, पण त्या दिवशी ते माझंच मला नवीन वाटलं. दुसरा डोळा. एक भिंग, आणखी एक. ती चौकटीतून एकटक बघत होती. "त्यातला एक," ती म्हणाली, "एका पायावर उभा आहे. चोच पंखात घातलीय. आत्ता काढली. बाबा, अगदी चमचा आहे हो. अगदी चमचा." मग तिनं ती चौकट न काढताच माझा अधू हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मी तुम्हाला चमचा आणून दिला," ती म्हणाली. "तुम्ही सांगत होता, आणि मी चमचा आणून दिला."

चित्रवाल्या बाईंनी पत्ते गोळा केले. सवयीची वाक्यं कधीकधी अशी आपली आपण येतात, त्या म्हणाल्या, त्यावर फार मोठी इमारत बांधू नका, उद्या कदाचित येणार नाहीत. खरं बोलतात, म्हणूनच मला पटतात. पण बॅग खांद्याला लावताना त्यांनी मुलीला जे सांगितलं तेही मी ऐकलं, आणि या वेळी लपून ऐकायची गरज नव्हती, त्या माझ्याकडे बघूनच सांगत होत्या. "समजेबद्दल मला शंका राहिलेली नाही. डॉक्टरांशी मी बोलते. तुम्ही कामावर जा." मुलगी म्हणाली, "मी नाहीतरी हेच ठरवलं होतं. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी." बाई जाता जाता पुन्हा खिडकीशी गेल्या आणि जरा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांना दुसरीकडे जायचं होतं, त्या गेल्या.

घरात आम्ही दोघंच राहिलो. टेबलावर भिंगं पसरलेली होती, आणि मी ती खाचांत परत लावत होतो. डाव्या हाताला वेळ लागतो. मला एकदम फार दमल्यासारखं आणि फार बरं वाटत होतं. शब्द परत आलेले नाहीत, हे मला माहीत होतं. लावता लावता मी तिला म्हणायला गेलो की तुझा नंबर वाढलाय, आणि तोंडातून आलं, "तुझा साबण वाढलाय." ती हसली. मी पण हसलो. मग ती बाहेर बघत म्हणाली, "आगाराच्या मागून रस्ता आहे. तळ्याच्या कुंपणापर्यंत जाता येतं. हळूहळू गेलो तर जमेल तुम्हाला. जाऊ या का, बाबा? जवळून बघायला?"

मी तिच्याकडे बघितलं. मला जायचं होतं. आजारपणानंतर इतकी कशाचीच इच्छा झाली नव्हती. चोच पाण्यात हलतानाचा तो आवाज तिला ऐकवायचा होता, तिच्या आईला ऐकवायचा राहिलेला. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, सगळा जोर लावला, आणि स्पष्ट, खणखणीत म्हणालो, "नाही."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे क्षणभर बघितलं. मग ती गेली आणि माझे बूट घेऊन आली.